शेवटच्या नळावर क्लोरीन आहे का? गावाच्या पाण्यावर गावाने ठेवायची नजर

प्रश्न असा आहे: गावाला ओढ्याकाठच्या विहिरीवरून नळपाणी योजना आहे. पाणी ५० हजार लिटरच्या उंच टाकीत चढवून दिवसाआड सोडतात. कधी टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास इतका की पाणी पिववत नाही, कधी वासच नाही. दरवर्षी पहिल्या पावसात वरच्या आळीत जुलाबाचे रुग्ण निघतात. घरच्या टीडीएस मीटरवर २८० दिसतं, म्हणजे पाणी चांगलं ना? प्रयोगशाळेत न जाता गावकऱ्यांना काय तपासता येईल?

टीडीएस मीटरवरचा २८० हा आकडा आधी बाजूला ठेवा. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गटाराचं पेलाभर पाणी हंड्यात पडलं तरी आकडा जेमतेम हलेल. नायट्रेट किंवा फ्लोराइड धोक्याच्या पातळीवर असूनही टीडीएस ३०० च्या आत असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे टीडीएसची मान्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००; अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा मीटर खरंच कामाचा आहे. तुमच्याकडे त्याचा एक वेगळा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

तुमच्या गावात रोज मोजायची गोष्ट एकच: पाणी सुटल्यावर सगळ्यात लांबच्या नळाला उरलेला क्लोरीन. तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथ चालू असेल तर ०.५. टीसीएल कसदार होतं का, बरोबर मोजलं का, टाकीत नीट मिसळलं का, आणि वाटेत पाइपात घाण शिरली का, या सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यात येतो. टाकीखालच्या नळावर ओटी (थेंब टाकून क्लोरीन तपासायची चाचणी) घेऊन नोंदवही भरणं सोपं असतं आणि बहुतेक ठिकाणी तसंच होतं. जुलाब मात्र लांबच्या आळीत होतात.

ओटी घेताना

छोट्या नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. किटवर जितके थेंब लिहिलेत तितकेच टाका आणि रंग पांढऱ्या कागदासमोर, सावलीत ताडून पाहा. मोकळा क्लोरीन वाचायचा तो पहिल्या १० सेकंदांत. बरेच जण नळी हातात धरून बोलत राहतात आणि मग रंग वाचतात. तोवर अमोनियाशी बांधला गेलेला, जंतू मारायला फार दुबळा असलेला क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि आकडा फुगतो.

यातच एक फार उपयोगाची खूण आहे. पाणी गार असताना १० सेकंदांना रंग जवळजवळ नाही आणि ५ ते १० मिनिटांनी पिवळा गडद झाला, तर पाण्यात अमोनिया आहे, म्हणजे बहुधा सांडपाणी किंवा शेणमूत. अशी नळी दिसली की नुसतं टीसीएल वाढवू नका, घाण कुठून येते ते शोधा.

पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही ओटी पिवळं पडतं. म्हणून टीसीएल न टाकलेल्या विहिरीच्या पाण्यावर एकदा चाचणी करून पाहा. तिथेही पिवळं आलं तर तुमच्या गावाला ओटी चालणार नाही. ओटीचं रसायन कर्करोगकारक मानलं जातं. हाताला लागू देऊ नका, नळीतलं पाणी पिण्याच्या भांड्यांजवळ ओतू नका, आणि जमेल तेव्हा डीपीडी गोळ्यांच्या किटवर या. डीपीडीचा रंग गुलाबी येतो. तिचा दोष एवढाच, की क्लोरीन फार जास्त असेल तर रंग उडून जातो आणि शून्य वाटतं. टीसीएलचा वास येतोय पण रंग नाही, अशा वेळी तेच पाणी स्वच्छ, बिनक्लोरीनच्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा बघा.

वास कधी जास्त, कधी नाही

याचं नेहमीचं कारण म्हणजे टाकीच्या झाकणातून ओतलेली कोरडी पावडर. ती तळाशी बसते, चुना साचतो, सुरुवातीचं पाणी झोंबणारं आणि नंतरचं कोरं जातं. चुन्याने पाणी जड होतं ते वेगळंच.

पद्धत अशी. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे तुमच्या टाकीला २५० ग्रॅम. मूठ किंवा वाटीचा अंदाज नको, किराणा दुकानातला काटा वापरा. एका प्लॅस्टिकच्या बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका, म्हणजे तीन बादल्या लागतील. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि १० मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा, खालचा चुना टाकून द्या. ही निवळी टाकी भरत असताना, पाणी पडतं त्या धारेत थोडी थोडी सोडा. तोटीची बादली झाकणाजवळ बांधून थेंब-धार लावली तर मिसळण चांगलं होतं. टाकी भरल्यावर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर पाणी सोडू नका. या मुरण्याच्या वेळेत क्लोरीन आपलं काम करतो. टाकी भरता भरताच व्हॉल्व्ह उघडला तर मोजून टाकलेल्या टीसीएलचाही फायदा नाही.

थेट विहिरीत टाकायचं असेल तर पाणी मोजा: व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे ३७,६८० लिटर, टीसीएल सुमारे १९० ग्रॅम. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा, नुसती वरून ओतू नका. रात्री उपसा थांबल्यावर हे करणं सगळ्यात बरं.

५ ग्रॅम हे प्रमाण पावडर कसदार आणि पाणी स्वच्छ असेल तेव्हाचं. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडलेल्यात त्याच्या निम्माही उरत नाही. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी वापरू नये. पोत्यावरची बनवल्याची तारीख बघून घ्या, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात लाकडी फळीवर ठेवा, मोटरच्या स्टार्टरजवळ नको (तारा आणि पट्ट्या गंजतात), डिझेल आणि खताजवळ तर अजिबात नको. पावडरचा नमुनाही तपासणीला पाठवता येतो. आरोग्यसेवकांना तसं सांगा.

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की गाळ आणि कुजका पाला क्लोरीन खाऊन टाकतो. किती खातो ते घरीच काढता येतं. २५ टक्के कसाची ४० ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात कालवून निवळी घ्या; हे १ टक्का द्रावण झालं. २० लिटरच्या चार बादल्यांत विहिरीचं पाणी भरा आणि सिरिंजने अनुक्रमे २, ४, ६, ८ मिलिलिटर द्रावण टाका. म्हणजे लिटरला १, २, ३, ४ मिलिग्रॅम क्लोरीन झाला. ढवळून झाका, ३० मिनिटांनी मोजा. ज्या बादलीत ०.५ ते ०.८ उरला ती तुमची मात्रा. तिला चारने गुणलं की १००० लिटरला लागणारे टीसीएलचे ग्रॅम मिळतात. दुसऱ्या बादलीने काम झालं तर ८ ग्रॅम, टाकीला ४०० ग्रॅम. चौथ्या बादलीतही काही उरलं नाही तर आधी तुरटीने किंवा गाळणीने गाळ बसवा. पाणी गढूळ असताना क्लोरीन वाढवत नेलं तरी गाळाच्या कणाआड लपलेला जंतू मरत नाही.

वरची आळी आणि पहिला पाऊस

तुमच्या वर्णनावरून माझा संशय विहिरीपेक्षा पाइपावर जास्त आहे. दिवसाआड पाणी सुटतं म्हणजे दोन पाण्यांच्या मधे पाइप रिकामा आणि दाबहीन पडून असतो. व्हॉल्व्ह बंद होताच उतारावरचं पाणी खाली ओढलं जातं आणि वरच्या टोकाला पाइप आत शोषू लागतो. तिथे सांध्याला चीर असेल आणि बाहेर गटाराचं किंवा पावसाचं पाणी साचलेलं असेल, तर ते आत जातं. नळाला थेट मोटर लावणारी घरं याच शोषणात भर घालतात. वरच्या आळीत दाब कमी म्हणून लोक मोटर लावतात, आणि मोटरमुळे शेजाऱ्याच्या पाण्यात गटार येतं. ही गोष्ट ग्रामसभेत स्पष्ट शब्दांत सांगायला हवी, कारण मोटर लावणाऱ्याला तो फक्त पाणी जास्त घेतोय असंच वाटत असतं.

घाण कुठे शिरते ते एका पाण्याच्या पाळीत सापडू शकतं. चार माणसं, चार किट: एक टाकीखाली, एक मधल्या चौकात, एक वरच्या आळीच्या तोंडाशी, एक शेवटच्या नळावर. पाणी आल्याच्या पहिल्या मिनिटाला एक नमुना आणि १० मिनिटांनी दुसरा. क्लोरीन टोकाकडे हळूहळू कमी होणं स्वाभाविक आहे. पण ०.८, ०.७, ०.६ आणि मग एकदम शून्य आलं, तर दोष शेवटच्या दोन ठिकाणांच्या मधे आहे. पहिल्या मिनिटाला शून्य आणि १० मिनिटांनी ०.४ असेल, तर पाइप रिकामा असताना घाण आत येते. इथेच तुमचा टीडीएस मीटर उपयोगी पडतो: विहिरीत २८०, टाकीत २८० आणि वरच्या आळीत ३६० आला तर वाटेत दुसरं पाणी मिसळतंय. पावसाचं पाणी शिरत असेल तर आकडा उलट खाली येईल.

मग त्या टप्प्यात चालत जा. व्हॉल्व्हचे खड्डे उघडून बघा. पाण्याने भरलेला खड्डा हा पहिला संशयित. गटारातून किंवा गटाराखालून जाणाऱ्या नळजोडण्या मोजा. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेले सांधे शोधा. पाणी आत असताना ती पट्टी गळती थांबवते, पाइप शोषायला लागला की ती काही अडवत नाही. दुरुस्ती म्हणजे फुटका तुकडा कापून बदलणं, गटार ओलांडताना जोडणी अखंड लोखंडी पाइपाच्या आतून नेणं, व्हॉल्व्हचा खड्डा जमिनीपासून फूटभर उंच बांधून झाकण बसवणं. काम झाल्यावर तो टप्पा १००० लिटरला २०० ग्रॅम टीसीएलच्या निवळीने भरून रात्रभर ठेवा, आळीला आधी कळवा की या पाळीला नळ उघडायचा नाही, आणि सकाळी वास जाईपर्यंत पाणी सोडून द्या. ते पाणी ओढ्यात नको, मासे मरतात.

विहिरीचं पाहायचं तेही चालत. काठापासून १५ मीटरच्या आत उकिरडा, शोषखड्डा, गुरांचा गोठा, धुणं-भांडी, साचलेलं पाणी यांतलं काही नको. आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांमधून धावतं, त्यामुळे १५ मीटर हे किमान समजा. भेग शौचालयाच्या बाजूला जात असेल तर तेवढं अंतरही पुरत नाही. कठडा पुराच्या रेषेपेक्षा उंच आहे का, भोवतीचा ओटा फुटलाय का, आतलं बांधकाम वरच्या ३ मीटरला गिलाव्याने बंद आहे का, एवढं मे महिन्यातच बघा. जिल्हा परिषदेच्या यंत्रणेकडून पावसाळ्यापूर्वी आणि नंतर स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. त्या सर्वेक्षणाच्या दिवशी सोबत जा आणि भरलेला अर्ज वाचा. कार्डाच्या रंगापेक्षा कुठल्या ओळीवर जोखीम लिहिली ते महत्त्वाचं.

काळी पडणारी बाटली

एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड वायू) बाटलीची चाचणी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली. ती गावाला झेपणारी आहे. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकणाच्या आत बोट लावू नका, अंधारात ऊबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा. काळी पडली तर विष्ठेतल्या जंतूंची शक्यता धरा. डिसेंबरात थंड भिंतीशी ठेवलेली बाटली जंतू असूनही स्वच्छ राहू शकते. कापडात गुंडाळून चुलीच्या खोलीत ठेवा. खोल बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास असेल तर ती उगाच काळी पडते. पाण्यात क्लोरीन असेल तर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. ती टीसीएल न टाकलेल्या विहिरीसाठी, हातपंपासाठी आणि जिथे क्लोरीन शून्य आला त्या नळासाठी. काळी बाटली तशीच फेकू नका, आत टीसीएलचं दाट पाणी ओतून तासाभराने खड्ड्यात पुरा.

प्रयोगशाळेला काय पाठवायचं

जंतूंसाठीचा आणि रसायनांसाठीचा नमुना वेगळा. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या. तिच्यात क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाच्या तोंडाला ज्योत दाखवा, दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, वर बोटभर जागा सोडून भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा. सहा तासांत पोहोचली तर उत्तम, २४ तासांपुढे तिचा निकाल धरू नका. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये एकही ई कोलाय (विष्ठेतला जंतू) नको. रसायनांसाठी साधा प्लॅस्टिकचा स्वच्छ कॅन चालतो. त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको. जागा, तारीख, वेळ आणि स्रोत तिथेच लिहा.

रसायनांची तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, एवढी तर व्हायलाच हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवा. जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना किट वापरायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावात त्या कोण आणि किट कुठल्या कपाटात आहे ते विचारा, आणि त्यातल्या रसायनांची मुदत बघा.

अहवालात नायट्रेट आधी वाचा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. ते युरिया, गोठा आणि शोषखड्ड्यांतून येतं आणि सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळांना घातक आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, आटल्यामुळे उलट वाढतं. फ्लोराइडची मान्य मर्यादा १, पर्याय नसेल तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खोल बोअरना हा त्रास आहे आणि शाळेतल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे ही त्याची दिसणारी खूण. तिथे नमुना मे महिन्यात घ्या आणि उपाय म्हणून आधी जवळची उथळ विहीर तपासून बघा, तिच्यात फ्लोराइड बहुधा कमी निघतं.

नोंदवही

२०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ई ची (दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची) मोठी साथ आली होती. हा जंतू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. रुग्ण निघाल्यावर घेतलेला नमुना चांगला आला म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. महिन्या-दीड महिन्यापूर्वी काय होतं ते सांगणारी एकच गोष्ट असते, रोजची वही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गीयां-बारे सिंड्रोमचे (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला, तेव्हाही पहिला प्रश्न विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन किती होता हाच होता.

वहीत ओळ साधी ठेवा: तारीख, पाणी सुटल्याची वेळ, टाकीला टाकलेलं टीसीएल ग्रॅममध्ये, टाकीखालचा क्लोरीन, शेवटच्या नळाचा क्लोरीन, सही. शेवटचा नळ दर वेळी तोच नको, टोकाची तीन घरं पाळीने घ्या. प्रत्येक दिवशी हुबेहूब ०.२ लिहिलेली वही दिसली तर ती बसल्या जागी भरलेली आहे असं समजा. दोन पाळ्या सलग शून्य आलं की जलसुरक्षक (गावाच्या पाण्याची जबाबदारी असलेला कर्मचारी) आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लेखी द्या, प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला, पोच घ्या. "पाणी दूषित आहे" असं मोघम लिहिलं तर अर्ज फिरत राहतो. "अमुक तारखेला सकाळी ७ वाजता वरच्या आळीतल्या शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य, टाकीखाली ०.८, मधला व्हॉल्व्हचा खड्डा पाण्याने भरलेला" असं लिहिलं तर कुणाला तरी तिथे जाऊन तो खड्डा उघडावाच लागतो.

ओढ्यात वरून कारखान्याचं किंवा वसाहतीचं पाणी येत असेल तर तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे. तुम्ही भरलेली बाटली न्यायालयात पुरावा होत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेलाच नमुना चालतो. म्हणून तुमचं काम अधिकाऱ्याला योग्य वेळी बोलावण्याचं. रंग, फेस, वास केव्हा येतो याची आठवडाभराची नोंद ठेवा. मासे पहाटे मेलेले दिसतात कारण पाण्यातला प्राणवायू तेव्हा सगळ्यात कमी असतो. दुपारी घेतलेला नमुना कित्येकदा ठीक येतो.

पाइपाचं काम होईपर्यंत वरच्या आळीने पहिली ५ मिनिटं आलेलं पाणी पिण्याला घेऊ नये. ते सडा मारायला, झाडांना वापरा. नंतरचं पाणी स्वच्छ दुपदरी कापडाने गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवून प्या. जळण परवडत नसेल तर वरच्या १ टक्का द्रावणाचे ४ मिलिलिटर २० लिटरच्या हंड्याला, अर्धा तास झाकून. द्रावण गडद बाटलीत ठेवा आणि दर आठवड्याला नवं करा. पाणी काढायला ओगराळं किंवा तोटीचं भांडं वापरा, पेला बुडवायचा नाही.